मांगरातला व्हय

१

आचऱ्यात बाबलीची पिठाची गिरण आहे. बाबलीचं तोंड बारा महिने पांढरं. पापण्यांवर पीठ, मिशीत पीठ, कानाच्या पाळीवर पीठ. हा माणूस घाबरून पांढरा पडला तर ओळखायचं कसं, असा प्रश्न खरं तर गावाला पडायला हवा होता. पडला नाही, कारण बाबली कधी घाबरलाच नव्हता. दुसऱ्यांना घाबरवण्याचं खातं त्याच्याकडे होतं.

दुपारी लाईट गेली की गिरणीचा पट्टा फट फट करत मंदावतो, दगड घरघरून गप्प होतो, आणि आत अशी शांतता पसरते की हवेतलं पीठ जमिनीवर बसताना ऐकू यावं. मग बाबली नाचणीच्या पोत्यावर बैठक मारतो, हात लेंग्याला पुसतो, फोन काढतो आणि गाऱ्हाणं घालतो.

देवळात गाऱ्हाणं घालायला मानकरी आहेत. एकाने देवापुढे एकेक मागणं मोठ्याने मांडायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, अशी रीत. तिथे बाबलीला कोणी पुढे उभं करत नाही, आणि देवाच्या दृष्टीने तेच बरं. बाबलीचं गाऱ्हाणं फोनवर.

“बा लाईटी म्हाराजा, आज सकाळधरना तू तीनदा इलंस आणि चारदा गेलंस. हो हिशोब आमका कळूक नाय, पण तुझी माया अपार आसा. जी काय चूक झाली आसात ती अजय वायरमनाच्या पदरात घाल, आणि आमच्या पंख्याक फिरव रे म्हाराजा.”

की मुंबईहून, गोव्याहून, मस्कतहून, अगदी मागच्या आळीतूनसुद्धा ‘व्हय म्हाराजा’चा पाऊस.

हे सगळं चालायचं ‘मांगर’, म्हणजे शेतातलं खोपट, अशा नावाच्या सर्व्हरवर. मोठ्या कंपनीचं काही नव्हे. कुडाळच्या मिहीरने आपल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर ठेवून आपल्या माणसांसाठी उघडलेली जागा. असे लहान लहान सर्व्हर जगभर आहेत म्हणे, वाड्या असतात तसे. प्रत्येक वाडीची विहीर वेगळी, पण बांधावरून हाक मारली की पलीकडचा ओ देतो.

त्या सगळ्या व्हयांत बाबली एकच व्हय शोधायचा. त्याचा मुलगा मंगेश मालवाहू बोटीवर कुक आहे. फोन महिन्यातून कधी लागला तर लागला, पण गाऱ्हाण्याखाली त्याचं उत्तर यायचं: ‘व्हय म्हा’. पुढचं ‘राजा’ त्याने कधी लिहिलं नाही. बोटीवर नेट मापून मिळतं, असं मंगेशचं म्हणणं. बापाला राजा म्हणायचं जिवावर येतं, असं बाबलीचं.

गिरणीच्या मागेच घर. मागल्या दारातून यशोदा विचारायची, “झिलान व्हय केल्यान?”

“केल्यान.”

मग ती जेवायला बसायची. त्याआधी नाही.

२

गणपती गेले आणि मिहीरचा फोन आला. “बाबलीकाका, मांगर बंद करतंय. माळो गळता, मशीन जुनी झाली, आणि शर्मिष्ठेक थंय शिलाईची मशीन ठेवची आसा.”

“म्हणजे तुझ्या बायलेन आमका घराभायर काढल्यान.”

“तसाच समजा. तुमी ‘खळ्या’त जावा. फोंड्याची चार पोरां चालवतत, बरी आसत.”

मग मिहीरने खातं हलवायची रीत सांगितली. मिहीर तांत्रिक बोलायला लागला की प्रमाण मराठीत शिरतो, जणू मालवणीत कॉम्प्युटरला कळणार नाही. “काका, आधी नवीन ठिकाणी खातं उघडायचं. त्या खात्याला सांगायचं की मांगरातला तो मीच. मग जुन्या खात्याला सांगायचं, निघ. तुमच्या मागे असलेली माणसं आपोआप तिकडे येतील. जुनं लिखाण मात्र येणार नाही.”

“माणसा येतली, भांडी रवतली.”

“बरोबर.”

“आणि मंगेशाचा?”

“त्याचं खातं मांगरातच आहे. ते त्याचं त्यालाच हलवावं लागेल, बंद व्हायच्या आत.”

इथे बाबलीने फोन ठेवून दिला. कारण मंगेशचा व्हय येईनासा झाला होता. आधीही असं व्हायचं, बोट आडबाजूला गेली की. या वेळी जरा लांबलं होतं. यशोदेला तो रोज “केल्यान” म्हणून सांगत होता, आणि ते सांगताना पोत्याचं तोंड बांधत होता, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये. मंगेशला निरोप पाठवले. एकाचंही उत्तर नाही.

निघायच्या दिवशी बाबलीने मांगरात शेवटचं गाऱ्हाणं घातलं. घर सोडताना, शेत विकताना त्या जागेच्या धन्याला, जागेवाल्याला, सांगून निघायचं असतं. कॉम्प्युटरला जागेवालो करायला बाबलीशिवाय दुसरा माणूस धजला नसता.

“बा मांगरातल्या जागेवाल्या म्हाराजा, तुझ्या वळचणीक आमी इतकी वर्सां फुकट बसलंव, भाडा मागूक नाय हो तुझो मोठेपणा. आज आमी बिऱ्हाड उचलतंव. हसता हसता कोणाक वाकडा बोललंव आसू तर पोटात घाल. मिहीराच्या बायलेच्या मशिनीचो दोरो तुटाचो नाय असा कर. आणि आमच्यातलो जो कोण मागे रवलो आसात, जेका येवक गावला नाय, तेच्या वाटचो व्हय तू दी रे म्हाराजा.”

सगळे खदखदून हसले, व्हय व्हय म्हणाले. बाबलीने बटण दाबलं आणि तो खळ्यात गेला.

३

खळ्यात माणसं एकेक करून येऊ लागली, लग्नघरी येतात तशी. बाबलीने पहिलं गाऱ्हाणं घातलं ते शिवाच्या चहाच्या दुकानावर. शिवाचा पुढचा दात पडला होता, तेव्हा ‘त्या फटीतसून उधारी गळान जावंदे’ अशी मागणी.

पहिलं उत्तर मंगेशचं.

‘व्हय म्हाराजा.’

बाबलीच्या छातीवरून नाचणीचं पोतं उतरलं. “यशोदा गो,” तो ओरडला, “झिलान व्हय केल्यान. वर बापाक राजा म्हटल्यान.”

यशोदा पदराला हात पुसत दारात आली. “वाचा बघू.”

त्याने वाचलं.

“पुरा लिवल्यान?”

“पुरा.”

तिने एकदा फोनकडे बघितलं. “बरा,” म्हणाली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला, म्हणजे जेवायला बसली.

असे काही दिवस गेले. रोज गाऱ्हाणं, रोज पहिलं उत्तर मंगेशचं. बाबलीने खुशीत मिहीरला फोन लावला. “झिलाचा खाता आता तूच हलवन टाक. तो रोज येता हल्ली.”

“खंय येता?”

“माझ्या गाऱ्हाण्याखाली. खंय म्हणजे?”

मिहीरने तिकडे झेरॉक्सची मशीन बंद केली. “काका, त्याच्या नावाखाली बारीक अक्षरात पत्ता असतो. तो वाचा.”

बाबलीने चष्मा पुसला. पीठच ते, पुसून आणखी पसरलं. मग अंगठ्याने पुसला. नावाखाली लिहिलं होतं: मांगर.

“मांगर लिवला आसा.”

“मांगर मी सोमवारीच बंद केला.”

“आज दुपारी व्हय केल्यान.”

“काहीतरी जुनं अडकलेलं असेल काका. नळ बंद केल्यावर पायपात उरलेलं पाणी येतं ना, तसं.”

बाबलीला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. फोन ठेवून तो पुन्हा पोत्यावर बसला आणि दुपारच्या गाऱ्हाण्याकडे बघत राहिला. ते गाऱ्हाणं गिरणीत शिरलेल्या धामणीवर होतं. धामण शिरली होती त्याच दिवशी सकाळी. पायपातल्या पाण्याला धामण कुठून कळणार?

४

आता, ज्याने आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, त्याला अशा वेळी पहिला संशय कसला येणार? कोणीतरी परतफेड करतोय. बाबलीला हा संशय आला आणि त्याला एकदम बरं वाटलं.

तो आधी शिवाकडे गेला. एकदा शिवाच्या साखरेच्या डब्यात बाबलीने रवा भरला होता आणि अर्ध्या गावाने खीर म्हणून चहा प्यायला होता.

“शिवा, माझ्या झिलाच्या नावान कोण लिवता?”

“बाबलीभाऊ, त्या रव्यापासून मी तुमका फक्त शिव्या दितंय,” शिवा फटीतून म्हणाला, “आणि त्या पण तोंडार.”

मग अजय वायरमन. त्याच्या खांबावर बाबलीने ‘वधू पाहिजे, शिडी आहे’ असा बोर्ड लावला होता.

“माझो पासवर्ड माझ्या ध्यानात रवणा नाय,” अजय खांबावरूनच बोलला, “तुझ्या झिलाचो मी खंयसून काढू? आणि बाबल्या, असली चेष्टा मी करीन? पोरगो दर्यात आसा.”

हे वाक्य ऐकल्यावर बाबली आणखी कोणाकडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम गाऱ्हाणं तुकड्यातुकड्याने लिहिलं, एकाखाली एक मागणी. लोक फोनवर आळशी असतात, शेवटी एकदाच व्हय म्हणून मोकळे होतात. मंगेशच्या नावाने मात्र प्रत्येक मागणीला वेगळा व्हय आला. जिथे थांबायचं तिथे थांबून, देवळात समोर उभं राहून देतात तसा.

मग ते झालं. लाईट गेली, पट्टा थांबला. बाबलीला लिहिताना पुटपुटायची सवय आहे. “बा म्हाराजा,” तो पुटपुटला, “आज वारो पडलो आसा, जरा सोड,” आणि अक्षरं शोधायला बोट उचललं.

फोन हातात थरथरला.

‘व्हय म्हाराजा.’

त्याने अजून काही पाठवलंच नव्हतं. ते उत्तर कशालाच जोडलेलं नव्हतं. वर काही नाही, नुसता व्हय.

बाबलीने मान वळवून गिरण बघितली. पोती, वजनकाटा, पट्टा, चाळणी. हवेत पीठ तरंगत होतं आणि काही केल्या खाली बसत नव्हतं. त्याने फोन पोत्यावर उताणा ठेवला, हात मागे घेतले आणि हलक्या आवाजात विचारलं, “माझो झील खंय आसा?”

काही नाही. बाहेर कोणाची तरी सायकल गेली.

मग त्याला सुचलं की गाऱ्हाण्यात विचारायचं नसतं, मागायचं असतं.  “माझ्या झिलाक,” तो म्हणाला, “बरो ठेव म्हाराजा.”

फोन पोत्यावर थरथरला. नाचणीचे चार दाणे घरंगळून खाली पडले.

५

मुंबईला बोटीच्या एजंटाला त्याने फोन लावला. “जहाज मार्गावर आहे,” तिकडची बाई म्हणाली. “काही असेल तर आम्ही कळवू.” त्यातलं ‘काही असेल तर’ बाबली दिवसभर पुटपुटत राहिला. मंगेशचं खातं बंद वाडीत, मंगेश कुठे ते ठाऊक नाही, आणि मंगेशच्या नावाने कोणीतरी रोज ओ देतंय. बापाच्या मनात यातून काय येतं ते सांगायला नको.

तो कुडाळला गेला. बाजाराचा दिवस, दुकानात झेरॉक्सला रांग. मिहीरने त्याला शिडीवरून वर नेलं. माळा बुटका, वाकून उभं राहावं लागे. शर्मिष्ठेची शिलाईची मशीन येऊन बसली होती. तिच्या बाजूला तो कॉम्प्युटर, झाकण काढलेला, आतून पोकळ. वायर गुंडाळून खिळ्याला टांगलेली.

“ही डिस्क,” मिहीरने बिस्किटांच्या डब्यातून एक काळी वडी काढून दाखवली. “सगळा मांगर यात होता. ही बाहेर आहे, वीज नाही, नेट नाही. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या, काका, उत्तर येणं शक्यच नाही.”

“बरा,” बाबली म्हणाला. त्याला हसू यायला लागलं. कॉम्प्युटर म्हणजे इतका रिकामा डबा, आणि आपण याला भ्यायलो. तो त्या डब्यासमोर वाकला आणि खास आपल्या आवाजात म्हणाला, “बा मांगरातल्या म्हाराजा, ह्या मिहीराक जरा अक्कल दी.”

डब्याच्या मागच्या बाजूला एक पंखा होता, तळहाताएवढा, धुळीने भरलेला. त्याचं पातं अर्धा फेरा फिरलं. कर्र झालं, लांबट, घशातून आल्यासारखं, आणि थांबलं.

बाबलीच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो काढला नाही.

“वारा,” मिहीर म्हणाला.

“खंयसून?”

मिहीरने चारी बाजूंना बघितलं. माळ्याला खिडकी नव्हती. त्याच्या हातातली डिस्क बिस्किटांच्या डब्यात पडली, आणि तांत्रिक माणूस एकदम मालवणीवर आला. “काका, भायर चला. पयले भायर चला.”

६

घरी आल्यावर बाबलीने तोंड धुतलं, साबण लावून. यशोदेने बघितलं. गिरणवाला भरदुपारी तोंड धुतो म्हणजे काहीतरी आहे, एवढं तिला कळतं.

“यशोदा,” तो म्हणाला, “बस. तुका एक सांगूचा आसा. तो व्हय मंगेशाचो न्हय.”

“माका ठावक आसा.”

“काय ठावक आसा?”

“तुमीच वाचून दाखयलास ना पयल्या दिवशी. पुरा लिवलेला. माझो झील ‘राजा’ कधी लिवता?” ती तांदूळ निवडत होती, सूप थांबलं नाही. “तेच्या आदी पण तुमी खोटाच सांगी होतास. पोत्याची तोंडा बांधून बांधून सुतळी संपली घरातली.”

“आणि तरी तू जेवलंस?”

“खोट्यार जेवक नाय मी. ताट घेवन बसलंय आणि उठलंय. तो पुरो व्हय इलो तेवा जेवलंय.” तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. “तुमी काय मागलास, ता मागच्या आळीतली भार्गवी माका वाचून दाखयता. मागे रवलेल्याच्या वाटचो व्हय दी म्हणालास. कोणतरी दिता. आता तो कोण, ता माका खंय ठावक. पण तुमी रोज झिलाक बरो ठेव म्हणान मागतास, आणि तो व्हय म्हणता. तुमची एजंटीण तरी म्हणता?”

“म्हणणा नाय,” बाबलीने कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि ऐकायला गावातलं कोणी नव्हतं, हे त्याचं नशीब.

तेवढ्यात फोन वाजला. थरथरला नाही, वाजला. नंबर परदेशी, लांबलचक. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काही असेल तर कळवू, असं त्या बाईने सांगितलं होतं. बाबलीचं बोट हिरव्या बटणापर्यंत जाईना. शेवटी यशोदेनेच दाबलं, तांदळाच्या हाताने.

“आये?”

सूप उपडं झालं. तांदूळ घरभर.

“खंय आसंस रे तू?” बाबली ओरडला. “मेलंस काय?”

“जित्तो आसय. बोट भायर उभी करून ठेवल्यानी, बंदरात जागा नाय म्हणान. आज उतराक गावला. दुसऱ्याच्या फोनावरसून बोलतंय. माझो दर्यात पडलो.”

“कधी?”

“गणपतीच्या आदी. कांदे सोलता सोलता खिशातसून सटाकलो. बाबा, तुमी रडतास काय?”

“पीठ गेला डोळ्यात,” बाबली म्हणाला. तोंड स्वच्छ धुतलेलं होतं.

मग यशोदेने फोन ओढून घेतला आणि जेवतोस काय, खातोस काय, अंघोळीला पाणी कसलं, असं सगळं विचारलं. बाबली खाली बसून एकेक तांदूळ वेचत होता आणि हसत होता. मंगेशने जे सांगितलं त्याचा अर्थ त्याला कळला होता. गणपतीच्या आधीपासून पोराच्या हातात फोनच नव्हता. पण त्या क्षणी ती गोष्ट त्या तांदळाएवढीसुद्धा जड लागली नाही.

७

दुसऱ्या दिवशी लाईट गेल्यावर बाबलीने खळ्यात लिहिलं, “झील आसा. बरो आसा. आज मागणा काय नाय म्हाराजा.”

व्हयांचा पूर आला. शिवाने स्वतः व्हय म्हटलं, अजयने दोनदा. मांगराचा एकही नाही. बाबली वाट बघत बसला. पीठ जमिनीवर बसलं, पोत्यांवर बसलं, त्याच्या मनगटावर बसलं. मग फोन थरथरला.

मंगेश, मांगर. या वेळी व्हय नव्हता. एकच शब्द.

‘येतंय.’

बाबलीने तो शब्द वाचला आणि पोत्यावरून हळूच उठला. आचऱ्यात कोणी ‘जातंय’ म्हणत नाही. तिठ्यावर जाणारा असो की मुंबईला, उंबऱ्याबाहेर पाय टाकताना माणूस ‘येतंय’च म्हणतो. पण जो खरोखर यायला निघाला असेल, तोही हेच म्हणेल.

“यशोदा,” त्याने हाक मारली.  “हंय ये जरा.”

तिने येऊन वाचायला लावलं, ऐकलं, आणि त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने पाहुण्याला पाणी विचारलं नव्हतं. “निरोप घेता तो. उत्तर द्या.”

“काय देऊ?”

“काय देतत? ‘ये’ म्हणतत.”

“आणि खराच इलो तर?”

“मगे ‘जा’ म्हणा. इतके दीस तुमच्या झिलाची हजेरी दिल्यान तेका ‘जा’ म्हणा. बघूया धीर होता काय.”

धीर झाला नाही. बाबलीने पिठाच्या बोटाने लिहिलं, “ये हां.” आणि डोळे मिटून बटण दाबलं.

उघडले तेव्हा मंगेशच्या नावाच्या जागी लिहिलं होतं की असं खातं कुठे नाही. त्या नावाचे वरचे सगळे व्हयही गेले होते. लाईट आली, पट्टा फटफटला, दगड फिरायला लागला, आणि बाबली त्या आवाजात मोठमोठ्याने, उगीचच, पोट धरून हसला.

त्यानंतर काही आलं नाही. मंगेशने नवीन फोन घेतला, खळ्यात खातं उघडलं, आणि बापाला पुन्हा ‘व्हय म्हा’वर आणून ठेवलं. बाबली रात्री घोरतो, दिवसा खोड्या काढतो. फक्त दुपारी जेवायला घरी जाताना तो गिरणीच्या दाराला कडी घालत नाही. अजयने एकदा विचारलं, चोरी झाली तर? बाबली म्हणाला, होवंदे. एखाद्याला ये म्हणायचं आणि दार लावून बसायचं, ही आपल्याकडे रीत नाही.